दोन वाट्या रस

त्या इंग्रजी पुस्तिकेची चोवीस पाने होती. सतराव्या पानावर सात ओळी होत्या. त्या ओळी मी वेळेवर, चार माणसांना ऐकू जातील अशा आवाजात सांगितल्या असत्या, तर मळेखोलची गोदूबाई कदाचित जगली असती. हा 'कदाचित' मी कितीदा खोडला आणि कितीदा परत लिहिला, त्याला गणती नाही. आज तो तसाच ठेवतो. लिहिताना दुसऱ्यांना माफ करणे मला जमते. स्वतःच्या बाबतीत मी एकदम सौम्य होतो की एकदम कठोर, हे मला अजून कळलेले नाही, म्हणून जे घडले ते क्रमाने सांगतो.

साल १९५९. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी तेवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, जाड चष्म्याचा. हिवतापाच्या फवारणीच्या तुकडीत कारकून होतो आणि पावडरीच्या कोठीची किल्लीही माझ्याकडेच असे. लोक मला मास्तर म्हणत. मी मास्तर नव्हतो, पण कुणाची चूक दुरुस्त करणे मला जमत नसे, म्हणून मास्तर झालो.

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या चार गावांत नेहमीच्या डीडीटीऐवजी एक नवी, तिच्याहून जालीम पावडर मारून पाहायची होती. ती बाहेरच्या देशांकडून मदत म्हणून आली होती. पिंपांबरोबर ती पुस्तिका आली. ज्यांनी ती लिहिली त्यांना आमची गावे ठाऊक नसतील, पण त्यांनी ती काळजीने लिहिली होती. रिकामी पिंपे ठोकून जमिनीत पुरावीत, उरलेली पावडर कोणालाही देऊ नये, पंपवाल्यांनी जेवणाआधी हातपाय धुवावेत, आणि सतराव्या पानावर, पावडर पोटात गेली तर काय करावे. त्यात असे होते की, अशा माणसाला तेल, तूप, दूध, काहीही तेलकट पाजू नका. त्याने विष अंगात लवकर भिनते. ओकारी काढा, कोमट पाणी द्या, दवाखान्यात न्या.

आमचे इन्स्पेक्टर साटम म्हणाले, "अनंतराव, तुमचं इंग्रजी बरं आहे. ह्याचं मराठी करा आणि फवारणीच्या आधी गावागावात वाचून दाखवा. साध्या भाषेत करा हां."

मी दोन महिने मालवणच्या वाचनालयात शब्दकोश घेऊन बसलो. 'साध्या भाषेत' हे शब्द माझ्या कानावर पडले होते, पण आत गेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काहीतरी लिहायला सांगितले होते. मी लिहिले, 'स्निग्ध द्रव्यांचे सेवन सर्वथा वर्ज्य समजावे.' हे वाक्य मी वळणदार अक्षरात उतरवले, आणि खोटे कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना ते मनात दोनदा म्हटले.

पहिल्या गावात देवळाच्या आवारात मी उभा राहिलो आणि पहिले पान वाचले. माझा आवाज मुळात बारीक. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "ह्यो पुराण सांगता की काय गो?" दुसरी म्हणाली, "पुराण आसात तर परसाद खंय?" सगळे हसले. मी दुसरे पान उलटले नाही. पुढच्या गावांत मी वाचायला उभाच राहिलो नाही. नोंदवहीत मात्र प्रत्येक गावापुढे 'वाचन झाले' असे लिहिले. मळेखोलपुढेही लिहिले.

मळेखोल म्हणजे माडांखाली वसलेली गाबतांची, म्हणजे मासेमारांची, वाडी, आणि तिच्या एका अंगाला पाचसहा ख्रिश्चन घरे. आमचा मुख्य पंपवाला फॉस्टिन तिथलाच. त्याच्या घराच्या ओसरीवरच्या खोलीत मी तेव्हा राहत होतो. तीन घरे टाकून गोदूबाई राहायची. विधवा, मासे विकणारी, साठीच्या आसपासची, आवाज सगळ्या वाडीला पुरेल असा. तिचा मुलगा गणपत रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचा. गणपतची बायको गंगू, लग्नाला दोन वर्षे झालेली, आरोंद्याची. मी एकटा राहतो म्हणून गोदूबाई मला रोज दुपारी झाकलेल्या ताटलीतून एखादा तळलेला बांगडा पाठवायची. गंगू तो आणून पायरीवर ठेवायची आणि मी पुस्तकातून मान वर करायच्या आत परत जायची.

फवारणी तीन दिवस चालली. पावडर पाण्यात कालवावी लागे आणि विहीर वाडीच्या टोकाला होती. बायकांनी घागरी भरभरून पाणी आणले. तिसऱ्या दिवशी काम संपले तेव्हा शेवटच्या पिंपात तळाला थोडी पावडर उरली. पांढरी, मऊ, तांदळाच्या पिठासारखी.

रापणीचा एक नियम आहे. जाळे ओढायला जो कोणी दोरीला हात लावील, त्याला मासळीचा वाटा मिळतो. मग तो पहाटेपासून ओढत असो की शेवटच्या हिसक्याला आलेला असो. वाळूवर ढीग घालतात आणि हात लावलेला कोणी रिकामा जात नाही. मळेखोलमध्ये हा नियम कागदावर कुठे नव्हता, पण त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नसे.

गोदूबाईने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "फॉस्टिन, आमचो वाटो खंय?"

"कसलो वाटो गो गोदूबाय? ह्या काय म्हावरा आसा?"

"तीन दिस पाणी कोणी हाडला? तुझ्या बापाशीन?"

"माझो बापूस बोटीर आसा. बोलवू काय तेका?"

"बोलव. तोपर्यंत वाटे घाल. दोरयेक हात लावल्यानी तेंका वाटो. ह्यो नेम तुझ्या सायबाचो न्हय, गावचो आसा."

बायका हसल्या. फॉस्टिनने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, काय करू?"

उरलेली पावडर कोणालाही देऊ नये, हे नववे पान मला तोंडपाठ होते. मी काही बोलायच्या आत गोदूबाई म्हणाली, "मास्तरांका काय इचारतंस? तेंच्या पानात बांगडो कोण घालता, ता इचार."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. फॉस्टिनने फाटके गोणपाट पसरले आणि करवंटीने मोजून ढीग घातले, अगदी मासळीचे घालतात तसे. ढेकणांसाठी, मुंग्यांसाठी, कोंबड्यांच्या उवांसाठी ज्याने त्याने आपापला वाटा पदरात बांधला. मी फक्त एवढे म्हणालो, "खायची नव्हे हां ती."

"मास्तर," गोदूबाई म्हणाली, "आमी काय ढेकूण?"

कोठीच्या वहीत मी लिहिले, 'शिल्लक नाही.' ते खरेच होते.

गंगू त्या आठवड्यात माहेरी आरोंद्याला होती. ती परत आली तेव्हा गोदूबाईने आपला वाटा स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या मडक्याशेजारी, दुसऱ्या एका मडक्यात झाकून ठेवलेला होता. सुनेला सांगायचे राहून गेले. त्या घरात कोणी कोणाला प्रत्येक गोष्ट सांगत बसत नसे; हाताला लागेल ते घ्यायचे आणि कामाला लागायचे.

दोन दिवसांनी सकाळी गोदूबाईला बाजाराला लवकर निघायचे होते. गंगूने घावणे करायला घेतले. पीठ कमी पडले म्हणून तिने शेजारच्या मडक्यातले ओंजळभर घातले. सासूला चार घावणे वाढले. स्वतः खाल्ले नाहीत, कारण सुना मागाहून खातात. एवढेच कारण होते. पण पुढे लोकांनी त्याच गोष्टीला धरून ठेवले.

आठच्या सुमारास मला ओरडा ऐकू आला. मी गेलो तेव्हा गोदूबाई खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खांबाला टेकून बसली होती. ओकून झाले होते. "जीभ माझी मेली गो," असे काहीतरी पुटपुटत होती आणि तिचे ओठ थरथरत होते. गंगूच्या हातात ते मडके होते. तिने वास घेतला होता, बोटाने चाखायला निघाली होती, तेवढ्यात फॉस्टिनच्या बायकोने, अ‍ॅनीने, ते हिसकावून घेतले आणि ओरडली, "अगो, ही पंपाची पावडर!"

तेवढ्यात गणपत किनाऱ्यावरून धावत आला, कमरेपर्यंत भिजलेला. पाठोपाठ शेजारची जानकी आली. वाडीतली बाळंतपणे तीच करायची आणि साप चावला, विंचू चावला, तरी तिलाच हाक जायची. तिने गोदूबाईचे डोळे पाहिले आणि म्हणाली, "नारळ फोडा. जाड रस काढून पाजा. वीख रसान मरता."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असते. लहानपणी मी मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या तेव्हा माझ्या आईनेही मला नारळाचा रस पाजला होता. खोबऱ्याचा तो पहिला, घट्ट रस म्हणजे जवळजवळ तेलच.

पुस्तिका माझ्या झोळीत होती. मला ती काढायचीही गरज नव्हती. अ‍ॅनी विळीवर बसून खोबरे खवत होती, आणि तो खवण्याचा आवाज मी ऐकत होतो. मी दोन पावले पुढे झालो आणि म्हणालो, "अहो... ते पुस्तकात..."

माझ्या तोंडून एवढेच आले, आणि तेही प्रमाण मराठीत, कचेरीत बोलावे तसे. भीती वाटली की मी पुस्तकी भाषेत बोलू लागतो.

जानकीने वर न बघता म्हटले, "मास्तर, वायच बाजूक सरा. उजेड अडता."

मी बाजूला सरलो.

गणपतने आईचे डोके मांडीवर घेतले आणि रसाची वाटी तिच्या तोंडाला लावली. तिने ती प्यायली. मुलाच्या हातची म्हणून प्यायली असेल. मग दुसरी वाटी. मी कुंपणाशी उभा होतो. मनात सतराव्या पानावरचे माझे वाक्य पुन्हा पुन्हा येत होते, 'स्निग्ध द्रव्यांचे सेवन', आणि ते मालवणीत कसे म्हणावे हे मला सुचत नव्हते. तिका रस देव नका. चार शब्द होते. ते मला त्याच दिवशी दुपारी सुचले.

पाव तासात तिला झटके सुरू झाले. खाटेवर घालून तिला होडीपर्यंत नेले. होडी मालवणला लागायच्या आत ती गेली.

पोलीसपाटलाने पंचनामा केला. चुकून झाले असे लिहिले. सुरुवातीला वाडीही तसेच म्हणत होती. गंगू घरात फिरायची, पण कोणाच्या समोर येत नसे. मला पायरीवर बांगडा यायचा बंद झाला, हे वेगळे सांगायला नको.

मे महिन्यात चौकशीसाठी डॉक्टर होल्म आले. हे पावडर पाठवणाऱ्या मंडळींचे सल्लागार, डेन्मार्कचे, माझ्या आताच्या वयाचे, साठीच्या पुढचे असतील. उंच, वाकलेले, स्वतःची छत्री स्वतः धरणारे. त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून साटमांनी मला दिले. रापणीच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या झोपडीत, सगळे जमले. डॉक्टर जाळ्यांच्या ढिगावरच बसले. लोकांना त्याची गंमत वाटली. गंगू मांगराच्या दाराबाहेर उभी होती, कुडाआड. तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

डॉक्टर एकेक गोष्ट विचारत गेले. किती वाजता खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने ओकारी झाली. मी इकडचे तिकडे करत होतो आणि ते काम मला चांगले जमत होते. मग त्यांनी विचारले, "ओकारी झाल्यावर तिला काय दिलं?"

गणपत म्हणाला, "नारळाचो रस दिलंय. दोन वाट्यो."

मी सांगितले. डॉक्टरांनी नारळाचा रस कसा काढतात ते विचारले. मी तेही सांगितले. मग ते इंग्रजीत हळू बोलले. त्यांचे शब्द मला अजून आठवतात. ते म्हणाले, "हे फार दुःखाचं आहे. ओकारीत बरीचशी पावडर बाहेर पडली असणार. रसातल्या तेलाने उरलेली अंगात भिनली. तो दिला नसता तर बहुधा ती वाचली असती. ह्यांना हे नीट, सांभाळून सांगा. दोष देण्यासाठी नाही, पुन्हा कोणी देऊ नये म्हणून. आणि त्या मुलीला सांगा की मडकं चुकलं एवढ्याने ही बाई मेली नाही."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. गणपतही.

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, पावडर फार पोटात गेली होती. काही उपाय नव्हता."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना वाटले मी त्यांचेच बोलणे सांगितले. जानकीने सुस्कारा सोडला. कुडाआडचा लुगड्याचा काठ दिसेनासा झाला.

पुढे बरीच वर्षे मी स्वतःला सांगत आलो की मी गणपतसाठी खोटे बोललो. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने आईला रस पाजला, त्याला भर माणसांत ते कसे सांगायचे? हे कारण खोटे नाही, पण ते दुसरे कारण आहे. पहिले कारण असे की, मी खरे सांगितले असते तर पुढचा प्रश्न आला असता: हे कुठे लिहिलेले होते काय? आणि पुस्तिका कोणाजवळ होती?

उपाय नव्हता म्हटल्यावर दोष सगळा मडक्यावर आला, आणि मडके गंगूच्या हातचे. सायबानेच सांगितले, असे लोक म्हणू लागले. मग कोणीतरी विचारले, तिने स्वतः कसे खाल्ले नाही? आठ दिवसांत गणपतने तिला आरोंद्याला पोचवले. ती बोचके घेऊन फॉस्टिनच्या घरावरून गेली तेव्हा मी खोलीत होतो. दार लावलेले होते.

डॉक्टर होल्मचे एक पत्र नंतर साटमांकडे आले. त्यात माझ्या अचूक दुभाषेपणाबद्दल आभार होते. साटमांनी ते कचेरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले.

१९६४ साली माझी बदली आरोंद्याकडे झाली. फवारणी संपली होती. आता दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जाऊन कोणाला ताप आहे का विचारायचे, असल्यास बोटाचे रक्त काचेवर घ्यायचे आणि भिंतीवर तारीख घालायची, असे काम होते. घर चुकवता येत नसे. यादीत गंगूच्या भावाचे नाव मी पहिल्याच दिवशी पाहिले. त्या घराकडे पहिल्या पंधरवड्यात मी गेलो तेव्हा भाऊ एकटाच होता. मी तारीख घातली आणि निघालो. दुसऱ्या खेपेला ती अंगणात बसून माडाची झापे विणत होती. अंगाने वाळली होती. मला ओळखले, पण उठली नाही.

"ताप कोणाला?" मी विचारले.

"कोणाक नाय."

मी पाणी मागितले. उन्हाचा दिवस होता, मागायला नको होते पण मागितले. ती जागेवरूनच ओरडली, "वयनी, पाणी हाड गो, मलेरियावाल्यांका व्हया." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या हातचा कोण घेवचा नाय हंय. चुलीक हात लावक देत नाय माका. पाच वर्सां झाली. बाहेरचा काम करतंय. झापां इनतंय, शेणी थापतंय. त्येच्यान कोण मरत नाय न्हय."

वहिनी, तुळसा, पाणी ठेवून आत गेली. मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो. मग सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. एवढे आठवते की मालवणीत सांगितले आणि अडखळत सांगितले. पुस्तिका, सतरावे पान, रस, आणि मांगरात डॉक्टर खरे काय म्हणाले ते. तिचे विणणे थांबले होते.

"सायब असा म्हणलो?" तिने विचारले. "मडक्यान मेली नाय म्हणान?"

"हो. तुला सांगायला सांगितलं होतं."

"आणि तू सांगलंस नाय."

"नाही."

मला वाटले ती रडेल, किंवा शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने मांडीवरचे झाप बाजूला ठेवले आणि कामाचे बोलावे तशी बोलली.

"ह्या माका कित्याक सांगतंस? माका म्हायत आसा मी काय केलंय ता. थंय जावन सांग. रापणीर. सगळी आसतत तेवा. वाटे घालूच्या टायमाक."

मी म्हणालो, "गणपतला फार लागेल."

"लागांदे," ती म्हणाली. "माका पाच वर्सां लागता हा."

रविवारी मी मळेखोलला गेलो. बसमध्ये मी चार वाक्ये तयार केली आणि पाठ केली. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा जाळे वर आले होते आणि तांडेल, रापणीचा म्होरक्या, ढीग घालत होता. फॉस्टिन होता. जानकी होती, आता डोळ्यांनी अधू झालेली, नातीचा हात धरून. गणपत होता, त्याने दुसरे लग्न केले होते आणि त्याची बायको टोपली घेऊन उभी होती. सगळे मला पाहून खूश झाले.

"मास्तर! वाटो घेवक इलास की काय? दोरयेक हात लावा आधी."

मी म्हणालो, "माका काय तरी सांगूचा आसा."

पाठ केलेली वाक्ये गेली. आवाज तसाच बारीक निघाला, वारा होता, मागून कोणीतरी म्हणाले, "मोठ्यान बोला ओ!" मी मोठ्याने बोललो. आयुष्यात एकदाच. मी म्हणालो, गोदूबाय मडक्यान मेली नाय. रस दिलो म्हणान मेली. ह्या माझ्या पुस्तकात लिवलेला होता. माका म्हायत होता, मी सांगलंय नाय. सायब म्हणलो तेवा मी खोटा सांगलंय.

कोणी हसले नाही. माशांवर घारी घिरट्या घालत होत्या आणि त्यांना हाकलायचेही कोणाला सुचले नाही. जानकी नातीला विचारत होती, "काय म्हणता तो? काय म्हणता?" नात सांगत नव्हती. जानकीने मला त्या दिवशी बाजूला सरायला सांगितले होते, ते मी सांगितले नाही. ते तिचे तिला आठवत असेल तर असो.

गणपत वाळूत उभा होता. तो माझ्याकडे आला नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "दुसरी वाटी तिका नको होती. मी म्हणलंय, घे गो आये."

फॉस्टिनने माझा दंड धरला आणि मला माडांपर्यंत आणले. "जा आता," तो म्हणाला. त्याचे माझे बोलणे त्यानंतर फारसे झाले नाही.

पुढच्या पंधरवड्यात मी आरोंद्याला त्या घरी गेलो. गंगू वाट पाहत असावी.

"सांगलंस?"

"सांगितलं."

"कोण कोण होती?"

मी नावे सांगितली. तिने मला सगळी नावे घ्यायला लावली, एकेक करून. गणपतचे नाव आले तेव्हा तिने विचारले, "तो काय म्हणलो?" मी सांगितले. ती बराच वेळ झापाची पाती सरळ करत बसली. त्याच्या दुसऱ्या बायकोबद्दल तिने विचारले नाही. ते तिला ठाऊक होते. मळेखोलला परत जायचा प्रश्न नव्हता. हे सगळे मी पाच वर्षे आधी केले असते तर असता.

मग तिने आत हाक मारली. "वयनी, भायर ये गो. हे काय सांगतत ता आयक."

तुळसा पदराला हात पुसत आली. मी तिसऱ्यांदा सांगितले. तुळसाने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. "रसान? नारळाच्या रसान?" तिला ते पटायला जड जात होते, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. मी पुस्तिका काढून ते पान दाखवले. तिला वाचता येत नव्हते, तरी तिने ते बोट लावून पाहिले.

"म्हणजे हिच्या हातान नाय," ती अखेर म्हणाली.

"नाही."

गंगू उठली. कोणाला काही न विचारता ती आत गेली. तुळसा दारातून थोडी बाजूला झाली, मला वाटते तिच्याही नकळत. आत फुंकणीचा आवाज आला. तुळसा आत गेली नाही, पण तिचा कान आत होता. बऱ्याच वेळाने गंगू दोन कप चहा घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, एक वहिनीपुढे.

मी माझा प्यायलो. गरम होता, तरी थांबलो नाही. गंगू माझ्याकडे बघत नव्हती. ती तुळसाच्या कपाकडे बघत होती. तुळसाने कप उचलला, हातात धरला, पुन्हा पायरीवर ठेवला आणि मला विचारले, "साकर घातल्यान बरोबर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

यादीत अजून अकरा घरे होती. मी भिंतीवर तारीख घातली, झोळी उचलली आणि निघालो. कुंपणाबाहेर आल्यावर मला कळले की तो कप तुळसाने प्यायला की नाही, हे मी पाहिलेच नाही. मागे वळून बघायला हवे होते. तिथेच थांबायला हवे होते. मी पुढच्या घरी गेलो आणि विचारले, ताप कोणाला आहे का.